गाळणी गुदमरते तेव्हा

चहाची गाळणी चोथा अडवते आणि चहा खाली सोडते. सेप्टिक टाकीपुढची वाळूची गाळणीही असेच काहीतरी करीत असेल, असा आपला समज असतो. या समजापायी कितीतरी गाळण्या बिघडतात.

जेथे भुयारी गटारे नाहीत आणि जमीन चिकणमातीची किंवा खडकाळ असल्याने शोषखड्डा चालत नाही, तेथे ही गाळणी उपयोगी पडते. घरातले मैलापाणी प्रथम टाकीत येते. जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी वाळूवर सोडले जाते. सुमारे ६० ते ९० सेंटिमीटर जाडीच्या वाळूतून झिरपून ते खडीत उतरते, तेव्हा जवळजवळ नितळ झालेले असते. (पिण्याजोगे मात्र नव्हे!)

ही किमया कोणाची? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स येथे १८८७ साली एक प्रयोगकेंद्र निघाले. तेथे वाळूऐवजी धुतलेले गोटे वापरून पाहण्यात आले. गोट्यांमधल्या फटींतून घाण सहज निसटावी. तरीही मैलापाणी थोडे थोडे, मधून मधून सोडले की ते शुद्ध होई. म्हणजे खरे काम गाळण्याचे नव्हतेच. गोट्यांवर वाढलेले जीवाणू हवेतील प्राणवायू घेऊन घाण खात होते, अमोनियाचे नायट्रेट करीत होते. वाळूचा कण हे या जीवाणूंचे घर, आणि दोन कणांमधली पोकळी ही त्या घराची खिडकी.

आता बिघाड ओळखता येईल. वाळूवर डबके साचले आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटला, की खिडक्या बंद झाल्या असे समजावे. वरचा थर उकरला तर काळा दिसतो. हवेविना जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात; लोहाशी संयोग होऊन त्याचे काळे लोह सल्फाइड बनते. लोक लगेच वाळूला दोष देतात. पण आधी संडासातली फ्लशची टाकी पाहावी! ती रात्रभर गळत असेल तर वाळूला उसंतच मिळत नाही. छपराचे पावसाचे पाणी मैलापाण्याच्या नळात सोडले असेल, तर परिणाम तोच. मग सेप्टिक टाकी. गाळ व साय यांनी तिचा तिसरा हिस्सा व्यापला, की घाण पुढे वाहून वाळूची तोंडे बुजवते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसून घ्यावा.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. टाकीचे झाकण तुम्ही उघडू नका आणि आत कोणालाही उतरवू देऊ नका. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येईनासा होतो. उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. असे मृत्यू आपल्याकडे अजून होतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टाकी साफ करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाळ यंत्राच्या गाडीनेच शोषून घ्यावा.

कारण दूर झाल्यावर गाळणीला औषध एकच, विश्रांती. दोन वाफे असतील तर एकाचे पाणी काही दिवस बंद ठेवतात. हवा लागून काळा थर पुन्हा तपकिरी होतो. फारच बुजलेली गाळणी असेल तर वरची काही सेंटिमीटर वाळू खरवडून नवी घालतात. ॲसिड किंवा फिनेल ओतू नये, त्याने जीवाणूच मरतात. नव्या वाळूतून पहिले काही आठवडे पाणी पूर्वीइतके स्वच्छ निघत नाही. तिच्यावर जीवाणूंची वस्ती अजून व्हायची असते.