ऋणमोचनाची वाट

मनुष्याच्या आयुष्यात असे काही दिवस येतात, की सूर्य उगवतो, घरात चूल पेटते, मुले शाळेस जातात. परंतु कशातच काही अर्थ उरला नाही असे वाटत राहते. श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास विषादयोग म्हणतात. विषादालाही 'योग' म्हणणारे आपले पूर्वज मोठे मर्मज्ञ खरे. पण हे मर्म वर्गात फळ्यापुढे उभे राहून सांगणे निराळे आणि खचलेल्या माणसाच्या ओसरीवर बसून सांगणे निराळे. हा भेद आम्हांस साठी उलटल्यावर कळला. त्याचीच ही हकीकत.

आमचा एक जुना विद्यार्थी मूर्तिजापुराकडील एका खेड्यात शेती करतो. दोन वर्षांपूर्वी सोंगून गंजी लावलेले त्याचे सोयाबीन परतीच्या पावसाने जागीच कुजले. पीककर्ज डोक्यावर तसेच राहिले. पुढे कार्तिकात त्याची आई आम्हांस भेटली व म्हणाली, "गुरुजी, तो कोनाशी बोलत नाई. तुमचं आयकते. एकडाव येऊन जा."

आम्ही गेलो. धैर्यावर, उद्योगावर जेवढी सुभाषिते मुखोद्गत होती तेवढी म्हणून दाखविली. त्याने ती खाली मान घालून ऐकली आणि मग हळूच म्हटले, "गुरुजी, हे तुमीच आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. अजून पाठ हाये. पण बँकेच्या कागदाले काय उत्तर देऊ?"

या प्रश्नास आमच्या संग्रही श्लोक नव्हता. संध्याकाळच्या गाडीने आम्ही अकोल्यास परतलो ते खजील होऊनच. खरे सांगावयाचे तर त्या दिवसांत आमचीही मनःस्थिती फारशी वेगळी नव्हती. घर माणसांनी भरलेले; मुलगा, सून, पुतण्या, नातवंडे सर्व आम्हांस मान देत. काम मात्र कोणी सांगत नसे. ज्याला स्वतःलाच दुपार खावयास उठते, त्याने दुसऱ्यास कोणत्या तोंडाने धीर द्यावा?

त्या रात्री आम्हांस त्याच तालुक्यातील दापुरे गावाची आठवण झाली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेला देबू झिंगराजी जानोरकर हा मुलगा येथे आपल्या मामांकडे वाढला. वडील दारूपायी अकाली वारलेले. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. बालपण गुरांमागे गेले. पुढे मामांची सकस जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. कर्ज माणसाला कसे आतून पोखरते, हे देबूने पुस्तकात वाचले नाही, घरात पाहिले. हाच देबू १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडून निघाला आणि पुढे महाराष्ट्र त्यास गाडगेबाबा म्हणू लागला.

बाबांचे पहिले सेवाक्षेत्र कोणते, तर ऋणमोचन! अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी हे गाव आहे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. त्या काळी नदीत उतरण्याची वाट चिखलाने निसरडी होई. म्हातारीकोतारी माणसे घसरून पडत. बाबांनी टोपल्यांनी माती टाकून वाट केली, थकलेल्यांस हात दिला. पुढे तेथे घाट झाला, धर्मशाळा झाली. सावकारी कर्जाने ज्याचे घर मोडले, त्याने 'ऋणमोचन' नावाच्या गावी आपल्या आयुष्याचे प्रयोजन शोधावे, हा योग आम्हांस चिंतनीय वाटतो.

आपली शास्त्रे देवऋण, ऋषिऋण व पितृऋण सांगतात. ही ऋणे सावकाराच्या ऋणाहून निराळी. सावकाराचे ऋण माणसाला वाकविते, तर ही ऋणे फेडू लागताच माणूस ताठ होतो; कारण 'आपल्यापाशी देण्यासारखे अजून काही आहे' ही जाणीव त्यात असते. श्रद्धा आधी येते आणि मग हात कामास लागतात, असे आम्ही समजत होतो. बाबांच्या चरित्रावरून दिसते, की पुष्कळदा हात आधी लागतात आणि श्रद्धा मागाहून येते. ती आली म्हणजे किती बळकट असते पाहा: १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली, बाबांनी कीर्तन थांबविले नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. बाबा निघून गेले तेव्हा मागे आई सखूबाई, पत्नी कुंताबाई व लेकरे होती. त्या माउलींनी काय सोसले असेल ते त्यांनाच ठाऊक. संसारी माणसाने घर सोडावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. बाबांनीही लोकांस हेच सांगितले, की कर्ज काढून सण व लग्ने करू नका, मुलांना शिकवा. खराटा उचलण्यास गृहत्याग लागत नाही.

असो. पौषात आम्ही त्या विद्यार्थ्यास निरोप धाडला, "ऋणमोचनास जावयाचे मनात आहे. गुडघे साथ देत नाहीत. सोबतीस येशील काय?" तो आला. या वेळी आम्ही उपदेशाचे अक्षर काढले नाही. घाट उतरताना त्याने आमचा हात धरला. आम्हांस पायरीवर बसवून तो मागे वळला, तो एका अनोळखी आजीबाईंना धरून घेऊन आला. मग आणखी एकीला. दोन प्रहरी तो घामाघूम होऊन आमच्याजवळ बसला आणि शिदोरीतील भाकरी त्याने स्वतः मागून घेतली. परतताना म्हणाला, "गुरुजी, ते बँकेचे कागद एकडाव पाहून द्या. मले त्यातलं समजत नाई."

कागद आम्ही पाहिले. त्याच्यासोबत बँकेत दोन खेपा घातल्या. कर्जाचे पुनर्गठन होऊन मुदत वाढवून मिळाली. ऋण फिटले नाही, आजही थोडे बाकी आहे. पण तो शेतात जातो, बोलतो, आईशी हुज्जतही घालतो.

वाचकहो, आपल्या वऱ्हाडात गेली पंचवीस-तीस वर्षे कित्येक शेतकऱ्यांच्या घरी हा काळोख शिरला आहे. शहरातील सुशिक्षित घरेही त्यापासून मुक्त नाहीत. आपल्या घरी कोणी गप्प झाले असेल तर त्यास व्याख्यान देऊ नये. जवळ बसावे, त्याचे कागद व त्याची अडचण समजून घ्यावी आणि त्याच्याकडे मदत मागावी. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर क्षणाचाही विलंब न लावता वैद्यकीय साह्य घ्यावे. शासनाच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मन मोकळे करता येते. त्यात कमीपणा नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे बाबांनी देह ठेवला. १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ आज या निरक्षर पुरुषाचे नाव धारण करते. आमच्यासारख्या पोथीपंडितास त्यांच्यापासून पहिला धडा साठीनंतर मिळाला. आता दर रविवारी आम्ही त्या विद्यार्थ्याच्या गावी जातो. त्याच्याच ओसरीवर अकरा मुले गणित शिकतात. गाडी सकाळची आहे, म्हणून शनिवारी रात्री आमच्या सूनबाई न सांगता गजर लावून ठेवतात.