स्वस्त निविदेची किंमत कोण मोजतो?

गोंदियाजवळच्या बिरसी येथील धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधली. पुढे ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात आली आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. १३ मार्च २०२२ रोजी तेथून नियमित प्रवासी विमानसेवेला प्रारंभ झाला. धानाच्या शेतीवर आणि भातगिरण्यांवर जगणाऱ्या या परिसराने विमानतळाकडून रोजगाराची अपेक्षा धरावी, हे स्वाभाविकच होते. विस्तारासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या दृष्टीने तर ही अपेक्षा म्हणजे हक्कच होता.

परंतु झाडलोट, बागकाम, सामानाच्या गाड्या ओढणे ही जी कामे गावच्या माणसाच्या आवाक्यातली, ती आपल्या देशातील विमानतळांवर बहुधा निविदा मागवून ठेकेदारांकडे सोपविली जातात. विमानतळांचीच गोष्ट कशाला? रुग्णालयातील सफाई कामगार, सरकारी कचेरीतील संगणकचालक, महाविद्यालयाच्या फाटकावरील पहारेकरी यांची कथा निराळी नाही. कायम नोकरीतील कारकुनाच्या शेजारच्या टेबलावर बसून तेच काम करणारा मनुष्य अनेकदा कोणा ठेकेदाराच्या पटावर असतो. त्याचे वेतन ठरते ते निविदेच्या पाकिटात.

सिमेंट किंवा कागद खरेदी करताना सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे शहाणपणाचे असते, कारण मालाचा दर्जा तपासता येतो. मनुष्यबळाच्या निविदेत मात्र ‘माल’ म्हणजे माणसाचे श्रम आणि ‘दर’ म्हणजे मुख्यतः त्याचे वेतन. हे वेतन किती खाली जाऊ शकते याला कायद्याने मर्यादा घातली आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रोजी ५०० रुपये धरली तर २६ दिवसांचे १३,००० रुपये होतात. भविष्य निर्वाह निधी व त्यावरील आकार मिळून १३ टक्के, म्हणजे १,६९० रुपये. राज्य कामगार विम्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४२२ रुपये ५० पैसे. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,०८२ रुपये ९० पैसे. एकूण १६,१९५ रुपये ४० पैसे. यातील एक पैसाही कमी करण्याचा अधिकार कोणाला नाही. गणवेश, रजेच्या दिवशी बदली माणूस, देयक मंजूर होईपर्यंत पदरमोड करून द्यावयाचा पगार हे खर्च तर अजून बाकीच आहेत.

असे असता ठेकेदार आपले सेवाशुल्क शून्य लिहितो, याचा अर्थ काय? तो धर्मादाय संस्था चालवीत नाही. त्याचा नफा मग कामगाराच्या हजेरीतून, निर्वाह निधीच्या न भरलेल्या हप्त्यांतून किंवा बँकेत जमा झालेल्या पगारातून रोख परत घेतलेल्या रकमेतून निघतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने २८ जानेवारी २०१४ रोजी शून्य आकाराची निविदा विचारातच घेऊ नये, असे बजावले. त्यावर शून्याऐवजी पैशाचा अंश लिहिण्याची पळवाट निघाली आणि ‘शून्य’ कशाला म्हणावे याचे वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेले. सरकारच्या ई-बाजारपेठेवर किमान सेवाशुल्काचे बंधन आले, तेव्हा सगळेच नेमका तो किमान आकडा लिहू लागले. बरोबरी झाली की संगणक सोडत काढतो. ज्यावर शेकडो कुटुंबांची चूल अवलंबून, तो निर्णय सोडतीने व्हावा, याला मूल्यमापन कसे म्हणावे?

निविदांच्या वादात न्यायालयाची भूमिका ठरविणारा एक महत्त्वाचा खटला विमानतळावरचाच आहे. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्यावरून झालेल्या रमण दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितले की, सरकारी संस्थेने स्वतः जाहीर केलेल्या अटी तिच्यावर बंधनकारक आहेत. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात न्यायालयाने आपली मर्यादाही आखून घेतली : निर्णय कसा घेतला हे तपासू, निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे नव्हे. दोन्ही तत्त्वे योग्यच आहेत. पण या सर्व वादांत फिर्यादी असतो हरलेला ठेकेदार आणि प्रतिवादी असते सरकारी खाते. ज्याच्या पगारावरून आकड्यांची ओढाताण चालते, तो कामगार कोर्टाच्या दालनात कोठेच नसतो.

अमेरिकेत संघ सरकारने व्यावसायिक सेवांच्या ठेक्यांसाठी असा नियम केला की, निविदेसोबत कर्मचाऱ्यांच्या एकूण मोबदल्याची योजना जोडावी. ती वास्तवाला धरून आहे का आणि आधीच्या ठेकेदारापेक्षा पगार कमी केल्याने माणसे टिकतील का, हे खात्याने तपासावे. ही तपासणी नीट झाली नाही, अशा तक्रारी हरलेल्या संस्था तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाकडे नेत आल्या. तेथेही तक्रारदार प्रतिस्पर्धीच असतो; तथापि पगार हा मूल्यमापनाचा विषय आहे, एवढे तरी तेथे मान्य झाले.

महाराष्ट्राला मात्र उसनवारीची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने आणि १९८१ च्या सुरक्षारक्षक कायद्याने या राज्याने त्रिपक्षीय मंडळे निर्माण केली. आस्थापनेने वेतन व लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने ते वेतन कामगाराला द्यावे, ही ती व्यवस्था. तिच्या अंमलबजावणीत उणिवा आहेत, परंतु तिच्यामागचा विचार पक्का आहे : वेतन हा स्पर्धेचा विषयच असू नये.

हाच विचार निविदेत आणता येईल. वेतन व त्यावरील कायदेशीर देणी खात्याने स्वतः ठरवून द्यावीत. आधीच्या ठेक्यातील पगाराखाली ती जाऊ नयेत. स्पर्धा व्हावी ती व्यवस्थापनाच्या खर्चावर आणि पूर्वीच्या कामगिरीवर. निर्वाह निधीच्या पावत्या हा त्या कामगिरीचा सर्वांत बोलका पुरावा होय. मंजूर झालेला वेतनाचा तक्ता कामाच्या जागी मराठीत लावावा, म्हणजे आपल्या नावावर सरकारने किती मोजले हे कामगाराला कळेल.

याने खर्च वाढेल, असा आक्षेप येईल. पण ठेकेदाराने बुडविलेले वेतन देण्याची अंतिम जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावरच टाकली होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या श्रमसंहितेतही ती कायम आहे. मुंबई महापालिकेच्या २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला, तेव्हा वर्षानुवर्षांची बचत किती फसवी होती हे दिसले. निविदेत वाचविलेला पैसा कोठे जात नाही. तो कोणाच्या तरी घरातून आलेला असतो आणि बिरसीसारख्या गावात ते घर धावपट्टीच्या कुंपणापलीकडेच असते.