भाडे सरकारी, आधार नावापुरता? इंग्लंडच्या ‘सपोर्टेड हाउसिंग’चा वाद काय?

बेघर, व्यसनमुक्त होऊ पाहणारे, घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या महिला... अशांना घरासोबत आधारही मिळावा म्हणून इंग्लंडमध्ये ‘सपोर्टेड हाउसिंग’ आहे. पण तिथे आधाराऐवजी भाड्याचाच धंदा फोफावल्याची तक्रार आहे.

पैसा कुठून येतो?
रहिवाशाचे भाडे ‘हाउसिंग बेनिफिट’मधून भागते. खासगी भाड्यासाठी असलेली कमाल मर्यादा यातील ‘एक्झेम्प्ट’ घरांना लागू नाही. त्यासाठीची एक मुख्य अट : मदत ‘किमान’पेक्षा जास्त हवी.

मग अडचण कुठे?
‘किमान’ म्हणजे किती, हे नियमांत स्पष्ट नाही. शिवाय हा भत्ता भाड्यासाठी आहे, समुपदेशनासारख्या मदतीसाठी नाही. त्या मदतीसाठीचा राखीव निधी २००९ मध्येच मोकळा करण्यात आला. काही चालक चढे भाडे घेतात, मदत मात्र नावालाच देतात. बर्मिंगहॅममध्ये हा प्रश्न सर्वाधिक गाजला. रहिवाशाने नोकरी धरली की भत्ता घटतो आणि चढे भाडे त्याच्याच अंगावर येते.

कायदा काय सांगतो?
खासदार बॉब ब्लॅकमन (२०२० चे पद्मश्री) यांच्या खासगी विधेयकाचे जून २०२३ मध्ये कायद्यात रूपांतर झाले. त्यात राष्ट्रीय मानके आणि परवाना पद्धतीची तरतूद आहे. परवाना व भत्त्याची सांगड घालण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडला.

धोका कोणता?
परवान्याचा खर्च न झेपल्याने चांगल्या छोट्या संस्थाच बंद पडल्या, तर रहिवासी पुन्हा रस्त्यावर येतील. आणि मदतीसाठी वेगळा पैसा नसेल, तर नुसत्या परवान्याने आधार मिळणार नाही.