वेग किती असावा?

गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाराकडे जाणारा रस्ता पुढे मुरदोलीच्या जंगलातून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये एका रात्री या जंगलात रस्ता ओलांडणाऱ्या वाघाला मोटारीची धडक बसली. जबर जखमी झालेला तो वाघ वाचला नाही. त्या जागी सायकलवरून घरी परतणारा माणूसही असू शकला असता. मग अशा रस्त्यावर वेग किती ठेवावा? उत्तर गणितालाच विचारू.

अडथळा दिसताक्षणी वाहन थांबत नाही. डोळ्यांनी पाहायचे, मेंदूने ठरवायचे आणि पायाने ब्रेक दाबायचा, यात सावध चालकाचाही सुमारे १ सेकंद जातो. तोवर गाडी मूळ वेगानेच धावत असते. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच २० मीटर अंतर संपले!

ब्रेक लागल्यावर गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात खर्च व्हावी लागते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लागल्यानंतर कापले जाणारे अंतरही चौपट होते. हे अंतर काढण्याचे सूत्र सोपे आहे : वेगाचा वर्ग भागिले ऋण त्वरणाची दुप्पट. कोरड्या डांबरी रस्त्यावर ऋण त्वरण ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर त्याच्या निम्मे. पहिल्या सेकंदातले अंतर मिळवले की थांबण्याचे एकूण अंतर असे येते :

ताशी ३६ कि.मी. : कोरडा रस्ता १७ मीटर, ओला २४ मीटर
ताशी ५४ कि.मी. : कोरडा रस्ता ३१ मीटर, ओला ४७ मीटर
ताशी ७२ कि.मी. : कोरडा रस्ता ४९ मीटर, ओला ७७ मीटर

आता रात्रीचा विचार करा. समोरून वाहन आले म्हणून चालकाने दिव्याचा झोत खाली केला आणि त्याला ४० मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते आहे, असे समजा. कोरड्या रस्त्यावर ताशी ५४ चा वेग चालेल, ७२ चा चालणार नाही. धानाच्या हंगामातील पावसाळी रात्री मात्र ५४ देखील जास्तच ठरतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ७२ ने येणारी गाडी, पूर्ण ब्रेक दाबूनही, ४० मीटरवरील अडथळ्यावर ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने आदळते. पडताळून पाहा!

म्हणून नियम असा : जेवढे अंतर स्पष्ट दिसते, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. पाटीवरील आकडा ही कमाल मर्यादा असते. तो वेग गाठलाच पाहिजे असे नाही. वळण, धुके, पाऊस, झिजलेले टायर आणि चालकाचा थकवा यांपैकी काहीही असले, तर वेग आणखी उतरवावा.

वेग कमी केल्याने उशीर किती होतो? २० किलोमीटरच्या प्रवासात ७२ ऐवजी ५४ ने गेल्यास जेमतेम साडेपाच मिनिटे जास्त लागतात. आज घरी वाहन चालवणाऱ्या मोठ्यांना वरील आकडे दाखवा, आणि ताशी ९० च्या वेगाने थांबण्याचे अंतर किती ते तुम्ही स्वतः काढा.