सिजेसचा गुलाबी त्रिकोण

बार्सिलोनाहून नैर्ऋत्येकडे आगगाडीने चाळीसएक मिनिटे गेले, की सिजेस नावाचे एक छोटे गाव लागते. लिहिताना त्या नावात एक 'ट' असतो. बोलताना तो गिळावयाचा. जूनमध्ये आम्ही उभयता बार्सिलोनाला मुलीकडे गेलो होतो. एका रविवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज तुम्हांला समुद्रावरची जत्रा दाखवते." जत्रा म्हटल्याबरोबर आमची सौभाग्यवती चपला घालून दारात उभी! जत्रा कसली, ते मुलीने गाडी सुटल्यावर सांगितले. समलिंगी स्त्रीपुरुषांच्या 'प्राइड'ची मिरवणूक होती ती.

मी जरा अंग चोरूनच बसलो. सौ. मात्र "जत्रा ती जत्रा" म्हणून खिडकीतून निळाशार भूमध्य समुद्र पाहण्यात दंग झाली.

गाव मोठे देखणे आहे. पांढरी घरे, अरुंद गल्ल्या, आणि समुद्रात घुसलेल्या खडकावर गावचे चर्च. पाहुण्यांची आणि मिरवणुकांची या गावाला जुनी सवय. सान्तियागो रुसिन्योल नावाच्या चित्रकाराने येथे कोळ्यांची घरे विकत घेऊन आपला चित्रसंग्रह मांडला. १८९४ साली त्याने एल ग्रेको या जुन्या चित्रकाराची दोन चित्रे आणली, ती आपण गणपती आणतो तशी वाजतगाजत गावातून मिरवीत! त्याचे ते 'काऊ फेर्रात' नावाचे घर आज संग्रहालय आहे.

दुपार कलली तशी समुद्रालगतच्या रस्त्यावर मिरवणूक निघाली. सजविलेल्या मालमोटारी, कानठळ्या बसविणारे संगीत, गॅलऱ्यांतून सोडलेली सप्तरंगी निशाणे. गावातल्या आज्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या. पोरे बापांच्या खांद्यांवर होती. पण माझ्या लक्षात राहिले ते निराळेच. बाजूच्या बाकावर सत्तरीचे दोन गृहस्थ हातात हात घालून आइस्क्रीम खात बसले होते. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. टक लावून पाहणारा त्या गर्दीत मीच एकटा होतो!

"येथे पहिल्यापासून असेच आहे का ग?" मी मुलीला विचारले. उत्तर न देता ती आम्हांला त्याच रस्त्याने पुढे घेऊन गेली. तेथे एक गुलाबी त्रिकोण उभा होता, टोक खाली असलेला. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर असाच त्रिकोण शिवीत असत. त्याच्याजवळ उभी राहून ती सांगू लागली.

हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९५४ साली, भटके व उनाड यांच्यासाठी असलेल्या कायद्यात समलिंगी माणसांचीही भर घालण्यात आली. १९७० साली त्याहून नवा कायदा आला. याच भूमध्य किनाऱ्यावर, पण दूर दक्षिणेस, तोर्रेमोलिनोस नावाचे गाव आहे. तेथे 'पासाहे बेगोन्या' या गल्लीतल्या पानगृहांतून ही मंडळी जमत. २४ जून १९७१ च्या रात्री पोलिसांनी गल्ली वेढली व शंभराहून अधिक माणसांना पकडून नेले. फ्रँको गेला १९७५ साली. २६ जून १९७७ रोजी बार्सिलोनाच्या रांब्ला रस्त्यावर पहिला मोर्चा निघाला. पोलिसांनी तो रबरी गोळ्यांनी उधळला. पुढे दीडएक वर्षाने तो गुन्हा कायद्यातून गळला, आणि २००५ साली समलिंगी विवाहाला मान्यता देणारा स्पेन हा जगातला तिसरा देश ठरला.

"मग हा त्रिकोण फ्रँकोच्या काळाची आठवण म्हणून का?" सौ.ने विचारले.

"नाही आई. १९९६ ची."

त्या वर्षी याच हसऱ्या गावात, रात्री किनाऱ्यावर फिरणाऱ्या अशा पुरुषांची नावे पोलिसांनी टिपून ठेवली होती. निषेधाचे मोर्चे निघाले. दहा वर्षांनी, २००६ साली, हा त्रिकोण उभा राहिला. गावात प्राइड भरू लागली ती २०१० पासून.

मी हिशेब केला. कायदा बदलून सतरा वर्षे झाल्यावरही नावे टिपली जात होती! आपल्याकडे १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतले ३७७ कलम अशा संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले. म्हणजे आपली सतरा वर्षे कोठवर आली, हे वाचकांनीच मोजावे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. जूनमध्ये जावयाचे तर खोली फार आधी ठरवावी. 'बास्सा रोदोना' या पुळणीवर ही मंडळी अधिक जमते. पण लेकुरवाळ्यांनाही कोठे मज्जाव नाही.

आमची खोली मुलीने मार्चमध्येच घेऊन ठेवली होती. किल्ली घेण्यासाठी आमच्यापुढे दोन तरुण उभे होते. कारकुनाने त्यांना एकच विचारले, "खिडकी समुद्राकडची हवी, की रस्त्याकडची?"

रात्री गॅलरीत बसलो असता सौ. एकदम म्हणाली, "काय हो, गेल्या दिवाळीला आपण पुतण्याला बोलावले. त्याच्या मित्राला मात्र डबाच पाठवला. का हो?"

पुतण्या पुण्यास एका मित्रासह राहतो. सहा वर्षे झाली. आम्ही सर्वांना 'रूम-पार्टनर' म्हणून सांगतो. पुतण्यानेही एकदा सांगण्याचा प्रयत्न केला होता; मी तेव्हा क्रिकेटचा विषय काढला होता. सौ.च्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

परत आल्यावर मी त्याला फोन केला. म्हटले, "यंदा दिवाळीला दोघे या."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग जरा दाटल्या आवाजात तो म्हणाला, "काका, पाडव्याला येऊ की भाऊबीजेला?"

मी उत्तर देण्याआधीच सौ.ने फोन हिसकावून घेतला. "पहिल्या अंघोळीला या! दोन पाट मांडून ठेवते."