आईमागे उरलेले सूर

डेट्रॉइटची ती चिमुरडी दहा वर्षांचीही झाली नव्हती, तोच १९५२ मध्ये तिची आई वारली. धर्मोपदेशक वडिलांच्या चर्चमध्ये भक्तिगीते गातच ती वाढली. हीच पुढे 'सोल' संगीताची सम्राज्ञी ठरलेली अरेथा फ्रँकलिन!

१९६७ मध्ये 'रिस्पेक्ट' या गाण्याने तिला अमाप कीर्ती दिली. तरीही जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये ती पुन्हा बालपणीचीच भक्तिगीते गायली. दुसऱ्या रात्री वडील समोर बसले होते. त्या दोन रात्रींतून साकारलेली 'अमेझिंग ग्रेस' ही तिची सर्वाधिक खपलेली ध्वनिमुद्रिका ठरली.

२०१८ मध्ये अरेथा गेली. लहानपणी कानांवर पडलेले सूर माणसाला जन्मभर सावरतात. आपल्या मुलांच्या कानांवर आज कोणते सूर पडताहेत बरे?