दुधाच्या डब्यापासून मलमाच्या ट्यूबपर्यंत

घरातले फडताळ उघडले की एका कोपऱ्यात औषधांचा डबा असतोच. तापाची गोळी, कॅल्शियमची बाटली आणि तळापासून गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब. घर मुंबईतले असो की बुलढाण्याजवळच्या देऊळघाटातले, त्यात ‘ग्लॅक्सो’ची एखादी वस्तू निघण्याचा संभव बराच. गंमत अशी, की या कंपनीचा जन्म औषधातून नव्हे, दुधातून झाला.

लंडनमध्ये जन्मलेले जोसेफ नाथन न्यूझीलंडमध्ये व्यापार करीत. तेथे दूध उदंड, पण गिऱ्हाईक सातासमुद्रापार. म्हणून त्यांच्या पेढीने दुधाची भुकटी करायला घेतली. १९०६ साली तिला ‘ग्लॅक्सो’ हे नाव मिळाले आणि बाळांचा आहार म्हणून ती इंग्लंडमध्ये खपू लागली. १९२४ मध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाचे ‘ऑस्टेलिन’ आले. मुडदुसावरचा हा उपाय म्हणजे कंपनीचे पहिले औषध. त्याच वर्षी मुंबईत एच. जे. फॉस्टर ही कंपनी निघाली, तीही ग्लॅक्सोचा बालआहार विकण्यासाठी. पुढे हीच ग्लॅक्सोची भारतीय शाखा झाली. वरळीला तिचे कार्यालय आले, नाशिकला कारखाना उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धात ग्लॅक्सोने पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनवले. १९४८ मध्ये तिच्या शास्त्रज्ञांनी बी-१२ जीवनसत्त्व वेगळे काढले. मग त्वचेसाठी बेटनोव्हेट, १९६९ मध्ये दम्यासाठी व्हेंटोलिन आणि १९८१ मध्ये आम्लपित्तावरचे झँटॅक आले. हे झँटॅक आपल्याकडे ‘झिनेटॅक’ म्हणून घरोघरी पोचले. घातक अशुद्धीच्या शंकेवरून २०१९ साली कंपनीने ते बाजारातून मागे घेतले.

फॅरेक्स, कॉम्प्लान, ग्लुकॉन-डी ही खाण्यापिण्याची नावे ग्लॅक्सोने १९९४ मध्येच हाइन्झला विकली होती. २००० साली स्मिथक्लाइन बीचमशी विलीनीकरण होऊन ‘ग्लॅक्सोस्मिथक्लाइन’ उभी राहिली. दूध गेले, औषधे राहिली. आपल्या मनातला घरगुती विश्वास मात्र दुधाच्या काळातलाच राहिला.

खरी अडचण इथेच आहे. बेटनोव्हेटमध्ये स्टिरॉइड असते. इसबावर डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरावीक दिवस लावले तर ते गुणकारी. पण लग्नाच्या मुलीचा रंग उजळावा म्हणून कुणी ते महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावते, कुणी नायट्यावर चोपडते. त्वचा पातळ होते, लालबुंद होते, लव वाढते. नायटा तात्पुरता दबतो आणि मग अंगभर पसरतो. लावणे थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी शेजारणीने सांगितलेली ट्यूब घरात येतेच.

दुधाचा डबा शेजारी उसना द्यावा, त्यात पुण्यच आहे. औषधाची ट्यूब मात्र उसनी देऊ नये आणि घेऊही नये. आज सुट्टीच आहे, तर तो डबा एकदा उपडा करून पाहावा. मुदत संपलेले टाकावे आणि अर्धवट उरलेले मलम कुणासाठी, कशासाठी आणले होते ते आठवावे. आठवले नाही, तर तेही टाकून द्यावे.